हिराजीचा हात

निवडणूक संपेपर्यंत हिराजी म्हात्रे कोणावर हात टाकणार नाही, असं आमच्या दुबईतल्या मराठी मंडळात फक्त त्याची बायको म्हणायची. तिलाही ते खरं वाटत नव्हतं, पण बिचारीला तसं म्हणणं भाग होतं.

हिराजीचा हात दुबईत प्रसिद्ध होता. पंजा ताटाएवढा, बोटं आखूड, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. अलिबागकडच्या गावात त्याची सगळी जवानी कबड्डीत गेली आणि उरलेलं आयुष्य इथे रिकव्हरी चालवण्यात. रस्त्यात बंद पडलेल्या किंवा ठोकलेल्या गाड्या पाठीवर घालून नेणाऱ्या ट्रकला इथे सगळे रिकव्हरीच म्हणतात. मी मोटार विम्याच्या कंपनीत, चेपलेल्या गाड्या बघून नुकसान ठरवणारी. तो आणायचा ती गाडी कुठून चेपली, का चेपली हे लिहायचं माझं काम. ‘ताई, ह्यो माणूस खोटं बोलतो, मागनं ठोकलंय,’ असं तो गाडी उतरवतानाच सांगायचा, तेही त्या माणसासमोर. गिऱ्हाईक टिकवायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याचा हात मी प्रत्यक्ष चाललेला पाहिला तो एमिरेट्स रोडवर. शारजाच्या यार्डाकडे निघाले होते, माझ्या पुढे हिराजीचा ट्रक, भर दुपार, आणि त्याच्याही पुढे एक पिकअप ट्रेलरच्या मागच्या बाजूला अर्धी घुसलेली. आतला पठाण ड्रायव्हर ओरडत होता आणि बॉनेटमधून धूर येत होता. हिराजीने ट्रक आडवा लावला, काच कोपराने फोडली आणि दरवाजा पहारीने उचकटून त्याला ओढून काढला. पठाणाचं नडगीचं हाड बाहेर आलं होतं. हिराजीच्या कोपरातून रक्ताची धार लागली होती, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्याने पठाणाला सावलीत निजवलं, डोक्याखाली स्वतःची चप्पल ठेवली, हात पँटला पुसले आणि शांतपणे चालत एका चष्मेवाल्या माणसाकडे गेला. तो माणूस सुरुवातीपासून मोबाइलवर व्हिडिओ काढत उभा होता. त्याला एकच बसली. मोबाइल एकीकडे, चष्मा दुसरीकडे आणि तो स्वतः रेलिंगवर आडवा.

कानाचा पडदा फाटला होता त्याचा. हे काही आपल्याकडचं भांडण नव्हे की दोन शिव्या देऊन सुटलं. इथे मारामारीचा गुन्हा म्हणजे आधी कोठडी, मग व्हिसा रद्द आणि मग विमान. हिराजीची मुलगी मानसी तेव्हा अकरावीत होती, शारजातल्या शाळेत. बाप गेला की तिचाही व्हिसा जाणार, म्हणजे बारावीच्या ऐन तोंडावर शाळा सुटणार. मी आणि हिराजीची बायको त्या चष्मेवाल्याच्या घरी जाऊन अक्षरशः पदर पसरून आलो, तेव्हा त्याने तक्रार मागे घेतली. पोलीस ठाण्यात हिराजीने हमीपत्रावर सही केली. अधिकारी अरबीत काहीतरी बोलला, त्याचं कारकुनाने हिंदी केलं, ‘बोल रहा है, अगली बार सीधा एअरपोर्ट.’

बाहेर आल्यावर मानसी बापाला म्हणाली, “Papa, just breathe, okay? Count to ten.”

हिराजीला दहापर्यंत मोजायचा धीर कुठला. त्याने आपल्या पद्धतीने उपाय काढला. अल कूझच्या गोदामांमागे रिकाम्या जागेत सुट्टीच्या दिवशी कोकणातली मुलं कबड्डी खेळतात, तिथे तो पन्नाशीतही उतरायचा. एकदा चढाईला आलेल्या पोराला त्याने असं काही दाबलं की गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी बाहेर बसून ऐकला. त्याच पोराला स्वतःच्या ट्रकमधून हॉस्पिटलात नेताना तो वाटभर त्याच्यावरच खेकसत होता, ‘पकड बसली का अंग सैल सोडायचं, शिकवला नाय कोणी?’ तर राग आला की हिराजी मनातल्या मनात चढाईला जायला लागला. दम धरायचा आणि ओठातल्या ओठात कबड्डी-कबड्डी म्हणत राहायचं. एका दमात राग ओसरला तर ठीक. ओठ हलत होते तोवर समोरचा माणूस सुरक्षित होता. ओठ थांबले की आम्ही खुर्ची मागे सरकवायचो.

अशा माणसाने मंडळाच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरला.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष बिनविरोध होतो. याचा आम्हाला कोण अभिमान. मावळते अध्यक्ष मरीनासारख्या महागड्या वस्तीतल्या कोणाच्या तरी फ्लॅटवर जेवण ठेवतात, तिथे नाव ठरतं, आणि चुकून दुसऱ्या कोणी अर्ज भरला असेल तर त्याला पुरणपोळी आणि उपाध्यक्षपद देऊन अर्ज मागे घ्यायला लावतात. मी निवडणूक अधिकारी आहे ती याच भरवशावर, कारण काम काहीच नसतं. यंदा नाव ठरलं होतं सरदेशमुखांचं. हॉटेलं आणि ऑफिसं आतून सजवून देणारी त्यांची मोठी कंपनी. बोलणं तुपासारखं. गणपतीला ते पंचतारांकित हॉल देणार होते, पासाला दोनशे दिरहम, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या वर गेले.

पण हे वर्षच वाईट होतं. करामा भागात घरभाडी अशी चढली की दोन खोल्यांत दोन कुटुंबं राहू लागली. कंपन्या माणसं कमी करत होत्या. ज्याची नोकरी गेली तो ती गेल्याचं सांगत नव्हता, सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा आणि दिवसभर मॉलमध्ये बसायचा. आम्ही सगळे एकमेकांना ‘मस्त चाललंय’ म्हणत होतो. आणि सरदेशमुखांच्या कंपनीत पगार झाले नव्हते. हे कुजबुजत सगळ्यांना माहीत होतं, मोठ्याने कोणालाच नाही.

हिराजीला मरीनातल्या जेवणाचं बोलावणं गेलं, तशी मीही गेले. विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली पाण्यात बोटी, पांढरा शुभ्र सोफा. सरदेशमुखांचा साइट मॅनेजर पराग सगळ्यांना सरबत देत फिरत होता. नाशिकचा मुलगा, तिशीचा, बायको गरोदर. जेवण झालं आणि मावळत्या अध्यक्षांनी हिराजीच्या खांद्यावर हात ठेवला. “म्हात्रे, क्रीडा विभाग तुमचा. सगळं तुमच्या मनासारखं. एवढा अर्ज तेवढा मागे घ्या. परंपरा आहे आपली.”

“घेतो ना,” हिराजी म्हणाला. “हे साहेब पोरांचे पगार कधी करतात तेवढं बोलू दे, लगेच घेतो.”

पराग ट्रे घेऊन स्वयंपाकघराकडे वळला. सरदेशमुख हसले. “हबीबी, बिझनेसमध्ये cash flow नावाची गोष्ट असते. क्लायंटकडून पेमेंट आलं की इन्शाल्ला सगळ्यांचं होईल. ही काय जेवणाच्या टेबलावर बोलायची गोष्ट आहे?”

“त्यांच्या टेबलावर जेवण नाय म्हणून तुमच्या टेबलावर बोलतो.”

मग कोणीतरी म्हणालं की गाड्या ओढणाऱ्याने कंपनी कशी चालते ते शिकवू नये. हिराजीचे ओठ हलायला लागले. मी माझी खुर्ची मागे घेतली. तेवढ्यात काच फुटल्याचा आवाज आला. हिराजीच्या मुठीत सरबताचा ग्लास होता, तो मुठीतच फुटला होता. त्याने मूठ उघडली नाही, उलट आणखी आवळली. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि पांढऱ्या सोफ्यावर ठिबकलं. दम संपेपर्यंत तो तसाच बसला, मग उठला आणि यजमानीणबाईंना म्हणाला, “पोळ्या झकास होत्या. सोफ्याचं सांगा, मी साफ करून देतो.” अर्ज त्याने मागे घेतला नाही. खाली त्याच्या ट्रकमध्ये बसून मी चिमट्याने तळहातातल्या काचा काढल्या, तेव्हा मात्र तो आईच्या नावाने ओरडला.

त्याच्या प्रचाराची तऱ्हा सांगते. व्हॉट्सअॅपवर अक्षर नाही, कारण इथे कोणाबद्दल लिहून ठेवलं की तोच गुन्हा. तो फक्त तोंडाने बोलायचा. पाठीवर चेपलेली गाडी तशीच ठेवून ट्रक सोनापूरच्या कामगार वस्तीत लावायचा, अबुधाबीकडे भाडं मिळालं की तिथल्या मुलांना गाठायचा आणि टपावर चढून म्हणायचा, “मी तुम्हाला नोकरी देणार नाय, माझ्याकडं नाय. पण गणपतीचा पास फुकट करीन आणि कोणाचा पगार थकला तर त्याच्यासंगं लेबर कोर्टात येऊन उभा राहीन.” मुलं टाळ्या वाजवायची. मला शेवटी राहवलं नाही. मी म्हटलं, “म्हात्रे, यातल्या एकालाही मत नाही. मंडळाची वर्गणी भरलेल्यांनाच मत असतं. यांनी कधी वर्गणी भरलीय का?”

हिराजी थक्क झाला. महिनाभर तो ज्यांच्या दारात घसा फोडत होता, त्यातला एकही मतदार नव्हता, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग म्हणाला, “मत नाय तर नाय. पगार तर ह्यांचाच थकलाय ना?” आणि पुढच्या वस्तीकडे ट्रक वळवला.

मतदारांसमोर तो एकदाच बोलला, करामातल्या एका खानावळीच्या वरच्या हॉलमध्ये. सरदेशमुखांनी अर्धा तास संस्कृतीवर भाषण केलं. हिराजी उभा राहिला आणि म्हणाला, “ज्यांची नोकरी गेलीय त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांची नोकरी जाऊन चार महिने झाले होते, त्यांची बायको माझ्याकडे रडून गेली होती. ते छताकडे बघत होते. “बरं, ज्यांचा पगार झाला नाय त्यांनी?” सरदेशमुखांची माणसं एका रांगेत बसली होती, सगळ्यांचे हात मांडीखाली. हिराजी सगळ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे सगळं मस्त चाललंय. मग मी कशाला उभा राहिलो?” आणि खाली बसला. मला त्या लोकांची चीड आली, आणि गप्प बसलेल्यांत मीही होते.

तेव्हापासून त्याला डिवचण्याचा एक नवाच प्रकार सुरू झाला. हिराजीच्या हमीपत्राची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्याने कोणालाही एक टोला दिला की निवडणूक खलास आणि हिराजीही खलास. पेट्रोल पंपावर कोणीतरी त्याच्या ट्रकच्या काचेवर थुंकलं. वस्तीतल्या सभेत गरम चहाचा कप त्याच्या छातीवर उडाला. आणि या सगळ्यात पराग असायचा, पुढे किंवा मागे. सुपरमार्केटच्या रांगेत त्याने मानसीबद्दल असं काही बोलून दाखवलं की ते मी लिहिणार नाही. हिराजीची बायको सांगत होती, घरी येईपर्यंत त्याचे ओठ हलत होते आणि घरी आल्यावर त्याने बाथरूमच्या दाराला डोकं आपटून घेतलं. दार बदलावं लागलं. मानसीची पूर्वपरीक्षा चालू होती.

मतदानाच्या दिवशी दुपारी मी त्याच खानावळीच्या तळघरात गाडी लावून मतपेटी बाहेर काढत होते, तेव्हा खांबामागून धपाधप आवाज आले. आधी वाटलं गालिचा झटकताहेत.

हिराजी भिंतीला पाठ लावून उभा होता आणि पराग त्याला मारत होता. तोंडावर, पोटात, बरगड्यांवर, जमेल तसं. परागला मारता येत नव्हतं, प्रत्येक ठोशाला त्याचंच मनगट मुरगळत होतं. हिराजीच्या भुवईला खोक पडून रक्त डोळ्यात उतरलं होतं, खालचा ओठ फाटला होता आणि पुढचा एक दात हनुवटीवर चिकटला होता. पण ओठ हलत होते. वर कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. मी ओरडले तसा हिराजीने नुसता तळहात मला दाखवला, मध्ये पडू नका म्हणून.

“मार ना,” पराग म्हणत होता. “एकदा मार. एकच. प्लीज मार ना रे.” तो रडत होता. रडत रडत त्याने हिराजीच्या पोटात गुडघा घातला.

हिराजीचे ओठ थांबले. माझ्या हातातली पेटी खाली पडली. आता हा हात जाणार, मानसीची परीक्षा गेली, सगळं गेलं, असं माझ्या मनात आलं.

“किती महिने झाले?” हिराजीने विचारलं. आवाज रक्तातून आल्यासारखा बुडबुडत होता.

पराग मूठ उगारलेलीच ठेवून थांबला. “पाच.”

“आणि मी मारला तर?”

“साहेब सगळे पैसे आजच ट्रान्सफर करतो म्हणालेत. बायकोला सातवा लागलाय, भाऊ. हॉस्पिटलचा डिपॉझिट भरायचाय.”

हिराजीने आपल्या हाताकडे पाहिलं. मला आजही वाटतं की क्षणभर तो खरंच मारणार होता, रागाने नव्हे, त्या पोराची अडचण दूर करायला म्हणून. मग तो हात पुढे आला आणि त्याने परागचं मनगट धरलं. हिराजीच्या पकडीतून आजवर कोणी सुटलं नव्हतं. त्याला तसाच धरून तो जिना चढायला लागला. मी पेटी उचलून मागे धावले. पायऱ्यांवर रक्ताचे थेंब पडत होते, ते चुकवत मी चढत होते.

हॉलमध्ये सगळे नटूनथटून बसले होते. हिराजीला बघून एक बाई किंचाळली. तो स्टेजवर गेला नाही, मधल्या वाटेत उभा राहिला आणि परागचं मनगट सोडलं. “मागच्या टायमाला मी विचारलं होतं,” तो म्हणाला. “परत विचारतो. ज्यांचा पगार झाला नाय, नोकरी गेली, त्यांनी हात वर करा.”

पोलिसांना फोन करा, असं सरदेशमुख कोणाला तरी सांगत होते. मग परागचा हात वर झाला. बोटांची सालं निघालेली, त्यावर हिराजीचं रक्त. त्याने सरदेशमुखांकडे पाहिलं नाही. नंतर सरदेशमुखांच्या माणसांच्या रांगेतला एक, मग दुसरा, मग त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचा हात. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी हात वर केले, तेव्हा त्यांच्या नवऱ्यांना ते तिथेच कळलं. हॉलमध्ये हातच हात झाले. सरदेशमुखांचे दोन क्लायंट पाहुणे म्हणून पुढच्या ओळीत बसले होते, ते मागे वळून बघत राहिले.

पोलीस आले. कॅमेऱ्यात सगळं स्पष्ट होतं. हिराजीने तक्रार दिली नाही. “माझा कबड्डीवाला आहे, प्रॅक्टिस करत होतो,” असं त्याने तुटक्या दाताने हिंदीत सांगितलं. अधिकाऱ्याला ते पटलं नाही, पण ज्याला मार लागलाय तोच नाही म्हणतोय तर काय करणार.

मग मतदान झालं आणि हिराजी पडला. थोडक्यात नव्हे, चांगलाच पडला. मतं मीच मोजली. ज्यांनी हात वर केले होते त्यांनी चिठ्ठीवर सरदेशमुखांचं नाव लिहिलं होतं. पगार देणार ते सरदेशमुख, उद्या नवी नोकरी देतील तर तेही सरदेशमुखच, मग त्यांना दुखवायचं कशाला, हा हिशेब सगळ्यांनी केला. मला त्यांचा राग आला होता, आता तितका येत नाही. त्या आठवड्यात क्लायंटच्या लाजेने सरदेशमुखांनी सगळ्यांचा एक महिन्याचा पगार सोडला. उरलेले इन्शाल्ला. परागने त्यातून बायकोला नाशिकला पाठवलं.

मानसी बारावी झाली आणि पुण्याला शिकायला गेली. जाताना बापाला म्हणाली, “You did it, Papa. You actually breathed.” हिराजीने नवा दात बसवला, पण तो जरा मोठा झाला आणि हसताना बाहेर यायचा.

त्याला शेवटचं नीट पाहिलं ते यंदा उन्हाळा लागताना. बँकेचा फोन आला, एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये सोडलेली गाडी जप्त केलीय, विमा तुमचा आहे, पाहून घ्या. मी गेले तर हिराजीचा ट्रक आधीच उभा. गाडी पांढरी, मोठी, पण धुळीने मळकट झालेली, किल्ली आतच. मागच्या काचेवर आमच्या मंडळाचा गणपतीचा स्टिकर होता. गाडी सरदेशमुखांची. उरलेले चार महिन्यांचे पगार बुडवून ते कुटुंबासकट निघून गेले होते. आमचे अध्यक्ष.

मला वाटलं हिराजी काहीतरी बोलेल. तो नखाने स्टिकर काढत बसला, कडेपासून हळूहळू, फाटू न देता. सगळा निघाल्यावर तो घडी करून खिशात ठेवला. “मंडळाचं नाव कशाला,” एवढंच म्हणाला. मग साखळी लावायला पुढे गेला, बॉनेटपाशी थांबला आणि त्याचे ओठ हलायला लागले.

मी थांबले. तो मोठा दम होता, मी त्याचा एवढा लांब दम कधी पाहिला नव्हता. मानसी पुण्याला होती, समोर माणूस नव्हता, हमीपत्र आता कशाच्याच आड येत नव्हतं. मग ओठ थांबले आणि हिराजीने बॉनेटवर मूठ मारली. एकदाच. पत्रा आत गेला तो सरळ इंजिनाला टेकला.

त्याने हात झटकला, साखळी लावली, गाडी वर ओढून घेतली आणि ट्रकमध्ये बसला. निघताना खिडकीतून म्हणाला, “ताई, हे कुठं लिहाल?”

मी लिहिलं, बॉनेटला मोठा खड्डा, कारण अज्ञात.